माध्यमे आणि समाज : पहिल्या पेपरची तयारी

‘माध्यमे आणि समाज’ हा पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांत येणारा प्रास्ताविक पेपर आहे. कुठे तो समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात असतो, कुठे मराठीच्या, कुठे पत्रकारितेच्या पदविकेत. नाव थोडेफार बदलते, गाभा तोच राहतो. संवादाची प्रक्रिया, छापखान्यापासून मोबाइलपर्यंतचा इतिहास, माध्यमांच्या परिणामांविषयीचे सिद्धांत, कायदा व नीती, आणि बातमीत कोणाला जागा मिळते हा प्रश्न, एवढ्यावर बहुतेक प्रश्नपत्रिका उभी असते. पेपरच्या नावातला सर्वांत वजनदार शब्द मात्र मधला ‘आणि’ आहे. माध्यमांची माहिती आणि सनावळी लिहून उत्तर अर्धेच होते. बातमीमुळे समाजात काय हलले आणि समाजाच्या रचनेमुळे बातमी कशी घडली, हे परीक्षकाला पाहायचे असते.

कळवणसारख्या तालुक्यातल्या विद्यार्थ्याची अडचण इथेच होते. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे बहुधा अमेरिकेतल्या निवडणुकांची किंवा दिल्लीतल्या वाहिन्यांची असतात. ती परकी वाटतात आणि अभ्यास पाठांतराकडे घसरतो. पण माध्यम आणि समाज यांचे नाते ज्या घटनांत लख्ख दिसते, त्यांतल्या काही नाशिक जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारीच घडल्या आहेत. कांद्याच्या भावाच्या बातम्या, २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आणि राईनपाड्याची घटना यांबद्दल या भागातल्या घराघरांत बोलले गेले आहे. हे साहित्य वापरायला शिकणे, हीच या पेपरची खरी तयारी.

अभ्यासक्रमाचा कागद

कळवणजवळ मानूरला असलेले महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय तर नाशिकलाच आहे. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून त्याची छापील प्रत वहीच्या पहिल्या पानाला चिकटवावी. प्रत्येक घटकासमोर दिलेल्या तासिका किंवा श्रेयांक पाहिले, की गुणांचा कल कुठे आहे ते कळते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर घटकांची मांडणी बदलली आहे. त्यामुळे वरच्या वर्गातल्या मुलामुलींच्या वह्या मिळाल्या, तरी त्या आपल्या कागदाशी ताडून मगच वापराव्यात. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून प्रश्नांमधली क्रियापदे अधोरेखित करावीत. ‘स्पष्ट करा’, ‘विशद करा’, ‘चर्चा करा’ आणि ‘टीकात्मक परीक्षण करा’ यांना लागणारी उत्तरे वेगवेगळी असतात. ‘परीक्षण करा’ असे विचारले असताना सिद्धांताची मर्यादा लिहिली नाही, तर मजकूर कितीही असला तरी गुण जातातच.

इतिहास : सनापेक्षा कारण

मराठी पत्रकारितेचा इतिहास ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’पासून सांगितला जातो. ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे. ही माहिती सर्वांनाच पाठ असते. उत्तराला वजन येते ते पुढच्या वाक्याने: दोन भाषा का? जांभेकरांना एकीकडे नव्या विद्येची ओळख मराठी वाचकाला करून द्यायची होती, तर दुसरीकडे इथल्या लोकांचे म्हणणे राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचवायचे होते. एकाच पानावरच्या दोन भाषांत त्या काळच्या समाजाची रचना दिसते.

असेच प्रत्येक टप्प्याला विचारावे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ काढले. टिळक-आगरकरांचे ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाले. पुढे मतभेद झाले आणि आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, हा त्या काळचा वाद वेगवेगळ्या पत्रांच्या रूपाने उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाले आणि त्याला शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. त्या वेळी मराठीत वृत्तपत्रांची वाण नव्हती. तरीही नव्या पत्राची गरज का पडली, याचे उत्तर आंबेडकरांनी पहिल्याच अंकात दिले: असलेली बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी होती. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने घेतली नाही, हेही त्यांनी पुढे लिहून ठेवले. बातमीच्या दारावर कोण उभा असतो, हा पेपरातला एक कळीचा प्रश्न आहे. त्याचे मराठीतले याहून ठसठशीत उदाहरण सहसा सापडणार नाही.

चित्रपटाचा घटक नाशिककरांना जवळचा. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. १९४४ मध्ये नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. इथेही समाजाचा धागा पकडावा. त्या चित्रपटात तारामतीची भूमिका करायला स्त्री मिळाली नाही, म्हणून ती अण्णा साळुंके यांनी केली. नवे यंत्र आले, तरी पडद्यावर कोण दिसू शकेल हे जुन्या सामाजिक बंधनांनीच ठरवले.

रेडिओच्या घटकात महाराष्ट्रातला एक प्रयोग मराठी विद्यार्थ्यांकडून हमखास सुटतो. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीवरून मराठी भाषक जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांसाठी शेतीविषयक कार्यक्रम प्रसारित झाले. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे. गावातले पंधरा-वीस जण एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. श्रोतामंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, अशा गावांत ती नाममात्र राहिली. यंत्र पोहोचल्याने संवाद होतोच असे नाही, माणसे एकत्र बसून बोलली तर तो होतो, हे या प्रयोगातून दिसले. विकास-संवादावरचा कोणताही प्रश्न या एका उदाहरणावर पेलता येतो.

टीव्हीच्या घटकाला फार वेळ देण्याचे कारण नाही. १९५९ मध्ये दिल्लीत झालेली सुरुवात, १९७२ मध्ये मुंबई केंद्र, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण, नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आणि १९९७ मध्ये प्रत्यक्षात आलेली प्रसार भारती, एवढा सांगाडा पुरतो. लोकमाध्यमांवरची टीप मात्र जवळपास ठरलेलीच असते. कीर्तन, पोवाडा आणि तमाशा सगळेच लिहितात. कळवण-सुरगाणा पट्ट्यातल्या विद्यार्थ्याने डोंगऱ्या देवाचा उत्सव, पावरीचे नाच, मुखवट्यांचा बोहाडा आणि गावातली दवंडी यांबद्दल लिहावे. या माध्यमांत बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखतात आणि प्रेक्षक कधी कधी खेळात सामील होतो. वृत्तपत्राशी तुलना करायला हा मुद्दा उपयोगी पडतो.

सिद्धांत : कांद्यापासून सुरुवात

सिद्धांतांचा भाग सर्वांत धास्तीचा आणि सर्वाधिक गुणांचा असतो. नावे परकी असतात: लासवेल, लाझार्सफेल्ड, मॅकॉम्ब्ज आणि शॉ, गर्बनर, मॅक्लुहन. प्रत्येक सिद्धांत कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मला आहे, हे लक्षात घेतले की ही नावे आपापल्या जागी बसतात. प्रश्न पाहिलेल्या गोष्टीतून आला, तर तो विसरत नाही.

बाजार समितीतली एक सकाळ घ्यावी. आवारात ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेने उभे आहेत. व्यापारी एका वाहनापाशी थांबतो, मूठभर कांदा उचलतो, साल चोळून पाहतो आणि बोली सुरू होते. एखाद्या ट्रॅक्टरमधल्या निवडक मालाला दिवसातला सर्वांत वरचा भाव मिळतो. लिलाव पुढच्या वाहनाकडे सरकण्याआधीच तो आकडा व्हॉट्सअॅपच्या गटांवर गेलेला असतो. संध्याकाळपर्यंत तालुकाभर तोच भाव तोंडी होतो. समितीच्या तक्त्यात मात्र तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सरासरी. बहुसंख्य शेतकऱ्यांच्या हाती सरासरीच्या आसपासची रक्कम पडते, पण फिरतो तो कमाल आकडा. हॅरल्ड लासवेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले पाच प्रश्न या साध्या प्रसंगाला लावून पाहावेत: कोण सांगतो, काय सांगतो, कोणत्या मार्गाने, कोणाला आणि परिणाम काय. परिणाम असा, की कमाल भाव ऐकून कोणी चाळीतला कांदा आणखी आठ दिवस रोखतो, तर कोणी घाईने काढतो.

हाच कांदा ‘चौकट’ ही संकल्पनाही शिकवतो. भाव वाढले की शहरी बातमीचे शीर्षक गृहिणीच्या डोळ्यांतल्या पाण्यावर असते, आणि भाव कोसळले की तीच बातमी आतल्या पानावर जाते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती मे २०२४ मध्ये पुन्हा खुली केली. त्या काळातली नाशिकची आणि मुंबई-दिल्लीची वृत्तपत्रे शेजारी ठेवली, तर एकाच निर्णयाच्या दोन चौकटी दिसतात: ग्राहकाला दिलासा आणि उत्पादकावर घाव. यात खोटे कोणीच लिहीत नाही, फक्त कोणाच्या ओट्यावर उभे राहून पाहायचे ते आधीच ठरलेले असते. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले आणि ती बातमी देशभर गेली. भाव त्याआधीही पडलेलेच होते. बातमी झाली ती त्या कृतीतल्या वेगळेपणामुळे. वृत्तमूल्यावरच्या टिपेला हे उदाहरण चपखल बसते.

‘द्वारपाल’ ही कल्पना कर्ट लेविन यांची. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९५० मध्ये ती बातमीच्या खोलीत तपासली. त्यांनी अभ्यासलेल्या एका अमेरिकी तार-संपादकाने आलेल्या मजकुरापैकी जवळपास नऊ-दशांश मजकूर वगळला होता. इथे ‘मूकनायक’चे उदाहरण जोडता येते, आणि तालुका वार्ताहराकडून जिल्हा आवृत्तीपर्यंत जाताना बातमी कशी गळते तेही लिहिता येते. ‘द्विस्तरीय प्रवाहा’चा सिद्धांत १९४० च्या अमेरिकी निवडणुकीच्या अभ्यासातून आला. माध्यमातली माहिती आधी मत घडवणाऱ्या माणसांपर्यंत जाते आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत पोहोचते, असे तो सांगतो. नव्या फवारणीची बातमी वाचून कोणी लगेच औषध घेत नाही. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला किंवा शिवारातल्या अनुभवी शेतकऱ्याला आधी विचारतो. सिद्धांत तोच, फक्त गाव आपले.

आता अपेक्षित प्रश्नांतला बहुधा सर्वांत मोठा: ‘विषयक्रम-निश्चिती’चा सिद्धांत. मॅक्सवेल मॅकॉम्ब्ज आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत चॅपेल हिल गावातल्या, मत न ठरलेल्या मतदारांशी बोलून तो अभ्यास केला आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. माध्यमे ज्या विषयांना जास्त जागा देतात, तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात, हे त्याचे सार. याला लाँग मार्चचे उदाहरण सविस्तर जोडता येते. ६ मार्च २०१८ रोजी अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून हजारो शेतकरी पायी निघाले. त्यांत सुरगाणा, कळवण, दिंडोरी आणि पेठ भागातले आदिवासी मोठ्या संख्येने होते, आणि कळवणचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित हे मोर्चाच्या नेत्यांपैकी एक होते. पहिले काही दिवस राष्ट्रीय वाहिन्यांवर त्याची फारशी दखल नव्हती. मग कसारा घाटातून उतरणाऱ्या लाल टोप्यांच्या रांगेची आणि सोललेल्या तळपायांची छायाचित्रे मोबाइलवरून फिरली आणि विषय वरच्या पानावर आला. ११ मार्चला मोर्चा मुंबईत पोहोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना अडचण नको म्हणून, सुमारे १८० किलोमीटर चालून आलेले लोक त्याच रात्री पुन्हा उठून आझाद मैदानापर्यंत चालले. मुंबईकर पाणी, बिस्किटे आणि चपला घेऊन रस्त्यावर आले, आणि १२ तारखेला सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या.

हे उदाहरण सिद्धांत सिद्ध करते आणि त्याची मर्यादाही दाखवते, म्हणून ते ‘परीक्षण करा’ला विशेष उपयोगी आहे. विषयक्रम मोठ्या वाहिन्यांनी ठरवला नाही, चालणाऱ्यांनी आणि मोबाइलधारकांनी तो त्यांच्यावर लादला. शिवाय विधिमंडळाचे अधिवेशन सुरू होते आणि मोर्चाची संख्याही प्रचंड होती, म्हणजे यशाचे श्रेय केवळ प्रसिद्धीला देता येत नाही. आणखी एक बारकावा आहे. बऱ्याच शहरी बातम्यांत हा ‘शेतकऱ्यांचा’ मोर्चा राहिला आणि कर्जमाफी मथळ्यात आली. कसत असलेल्या वनजमिनी २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार नावावर व्हाव्यात, ही आदिवासींची जुनी मागणी मागे पडली. विषय पानावर येतो तेव्हाही त्यातला कोणता भाग येतो, हे पाहावे लागते. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात या मोर्चाची माणसागणिक नोंद आहे. मराठीतही मजकूर देणारे हे संकेतस्थळ विद्यार्थ्याने आवर्जून वाचावे.

समाजमाध्यमांच्या घटकासाठी राईनपाड्याची घटना टाळता येणार नाही, आणि ती सनसनाटीने लिहिताही येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना मारून टाकले. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्याआधी मोबाइलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. उत्तरात ‘व्हॉट्सअॅपमुळे खून झाले’ एवढेच लिहिणे उथळ ठरते. द्वारपाल नसलेले माध्यम, त्या माध्यमाचा वेग, संदेश ओळखीच्या माणसाकडून आल्याने बसलेला विश्वास आणि फिरस्त्या जमातींविषयी समाजात मुरलेला जुना संशय, हे सगळे एकत्र आले. अफवेला पेट घ्यायला वाळलेले गवत समाजात आधीच होते. हे चौथे कारण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने पेपरच्या नावातला ‘आणि’ समजून घेतलेला असतो.

गर्बनर यांचा जोपासना सिद्धांत, नोएल-नॉइमान यांचे १९७४ चे ‘मौनाचे आवर्त’, मॅक्लुहन यांचे ‘विश्वग्राम’ आणि हर्मन-चॉम्स्की यांच्या १९८८ च्या पाच चाळण्या यांवर बहुधा टिपा येतात. प्रत्येकी एक व्याख्या, एक उदाहरण आणि एक आक्षेप तयार ठेवला की पुरे.

कायद्याचा घटक

इथे चुका जुन्या पुस्तकांमुळे होतात. संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख नाही. ते अनुच्छेद १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात सामावलेले आहे आणि १९(२) मधली वाजवी बंधने त्याला लागू होतात. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याची जागा आता २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. ते अजून लागू असल्यासारखे लिहिणे ही नेहमीची चूक. माहिती अधिकार कायदा २००५ चा आणि प्रेस कौन्सिलचा सध्याचा कायदा १९७८ चा. आणीबाणीतली सेन्सॉरशिप हा स्वतंत्र प्रश्न म्हणूनही येऊ शकतो.

वही, सराव आणि पेपर

परीक्षेआधी महिनाभर हातात असेल, तर पहिला आठवडा माध्यम-दैनंदिनीला द्यावा. रोज जिल्हा आवृत्तीतली एक बातमी कापून वहीत चिकटवावी. तीच बातमी एखाद्या वाहिनीवर आणि मोबाइलवर कशी आली ते खाली तीन ओळींत लिहावे, आणि बातमीत कोणाचे म्हणणे आहे, कोणाचे नाही, याची नोंद करावी. वृत्तपत्र घरी येत नसेल, तर महाविद्यालयाच्या किंवा गावातल्या वाचनालयात बसून हे काम अर्ध्या तासात होते. तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागातल्या ज्या पाड्यांवर रेंज येत नाही, तिथल्या विद्यार्थ्यांनी तीच गोष्ट नोंदवावी. अर्ज, निकाल, शिष्यवृत्ती यांसाठी कोणत्या टेकडीवर किंवा कोणत्या गावाला जावे लागते, हे लिहिले की डिजिटल दरीवरच्या टिपेचे उदाहरण तयार झाले. सात दिवसांत वहीत निदान सात उदाहरणे जमतात. पुढचे दोन आठवडे घटकवार वाचन करावे आणि शेवटचा आठवडा घड्याळ लावून लिहिण्यासाठी ठेवावा.

लिहिताना ‘माध्यमे ही समाजाचा आरसा आहेत’ या वाक्याने सुरुवात करण्याची सवय सोडावी. तपासणाऱ्यासमोरच्या गठ्ठ्यात ते वाक्य वारंवार येते, आणि ते पुरते खरेही नाही. आरसा समोरचे सगळे दाखवतो, बातमी निवडून दाखवते. विषयक्रम-निश्चितीच्या उत्तराची सुरुवात पुढीलप्रमाणे करता येईल: ‘लोकांनी काय मत बनवावे यापेक्षा कशाविषयी मत बनवावे, हे माध्यमे अधिक प्रभावीपणे ठरवतात, असे मॅकॉम्ब्ज आणि शॉ यांनी १९७२ मध्ये मांडले. २०१८ च्या नाशिक-मुंबई लाँग मार्चमध्ये या सिद्धांताचे बळ दिसते आणि समाजमाध्यमांच्या काळातली त्याची मर्यादाही दिसते.’ दोन वाक्यांत व्याख्या, नाव, सन, उदाहरण आणि उत्तराची दिशा आली. पुढच्या परिच्छेदांना आता रस्ता मिळाला.

मराठी संज्ञांची एक गोष्ट सांभाळावी. ‘अजेंडा सेटिंग’ला कोणी कार्यक्रम-निर्धारण म्हणते, कोणी विषयक्रम-निश्चिती. वर्गात शिकवलेली संज्ञा घ्यावी, पहिल्यांदा येईल तिथे रूढ इंग्रजी शब्द देवनागरीत जोडावा आणि उत्तरभर तीच संज्ञा ठेवावी. परक्या नावांचे लेखनही आधीच पक्के करून ठेवावे.

पेपर ३५ गुणांचा असो की ७०, वाचायला आणि तपासायला मिळून पंधरा मिनिटे बाजूला काढून उरलेली मिनिटे गुणांवर वाटावीत आणि प्रत्येक प्रश्नाची वेळ संपली की पुढे जावे. टिपा आधी सोडवल्या तर हात मोकळा होतो. मात्र दीर्घोत्तराचा मुद्द्यांचा कच्चा आराखडा सुरुवातीलाच शेवटच्या पानावर लिहून ठेवावा. एकच उदाहरण तीन उत्तरांत वापरू नये. लाँग मार्च एका ठिकाणी, कांदा दुसरीकडे, राईनपाडा तिसरीकडे. राजकीय पक्ष किंवा नेत्याविषयीचा वैयक्तिक राग-लोभ उत्तरात आणू नये. घटना, तिची तारीख आणि तिच्यातला माध्यमांचा भाग एवढे पुरेसे असते. शेवटच्या दहा मिनिटांत सन, नावे आणि प्रश्नक्रमांक तपासावेत. १९६८ हे अभ्यासाचे वर्ष आणि १९७२ प्रकाशनाचे, अशा जोड्यांची अदलाबदल घाईत सर्वांत जास्त होते.